मुंबई ते न्यूयॉर्क किती तास? अंतर आणि वेळ सांगणाऱ्या संकेतस्थळांचे परीक्षण

दोन शहरांची नावे टाकली की त्यांच्यातील हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ क्षणात सांगणारी संकेतस्थळे आता ढीगभर झाली आहेत. वरवर पाहता हा केवळ कुतूहलाचा विषय वाटतो; पण ज्या मराठी घरांतील मुले न्यू जर्सीत किंवा न्यूयॉर्कच्या आसपास स्थायिक झाली आहेत, त्या घरांत या आकड्यांवर बरेच काही बेतलेले असते. पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेले आईवडील, त्यांच्या औषधांच्या वेळा, विमानतळावर लागणारी चाकाची खुर्ची, पुढचे विमान गाठायला हाताशी राहणारे तास आणि तिकडे घ्यायला येणाऱ्याची रजा, हे सगळे त्या एका आकड्यावरून ठरवले जाते. म्हणून मुंबई ते न्यूयॉर्क ही एकच जोडी घेऊन मी अशी अनेक साधने नीट तपासून पाहिली. निष्कर्ष आधीच सांगते: अंतराच्या बाबतीत ही साधने, आणि त्यांतील एक तर विशेषच, भरवशाची आहेत; वेळेच्या बाबतीत मात्र बहुतेकांवर विसंबू नये. अंतर त्या दोन ठिकाणांचे असते, वेळ त्या दिवशीच्या उड्डाणाची असते, आणि ही संकेतस्थळे दोन्ही गोष्टी एकाच खात्रीने सांगतात. माझा मुख्य आक्षेप याच गोष्टीला आहे.

आधी चांगल्याबद्दल. अंतरासाठी मला सर्वांत आवडलेले साधन म्हणजे कार्ल स्वार्ट्झ यांचे ‘ग्रेट सर्कल मॅपर’. हे संकेतस्थळ दिसायला जुन्या वळणाचे आहे; रंगरंगोटी नाही, मोठाली चित्रे नाहीत. एका चौकटीत विमानतळांची तीन अक्षरी सांकेतिक नावे टाकायची, म्हणजे मुंबईसाठी बीओएम आणि न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळासाठी जेएफके, मध्ये एक आडवी रेघ द्यायची, की पृथ्वीच्या नकाशावर एक वक्र रेषा उमटते आणि खाली अंतर व सुरुवातीची दिशा येते. मुंबई ते केनेडी हे अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर भरते. शहराऐवजी विमानतळ विचारण्याची ही पद्धत मला फार महत्त्वाची वाटते, कारण विमान शहराच्या मध्यापासून उडत नाही आणि न्यूयॉर्कला ‘न्यूयॉर्क’ नावाचे एकच विमानतळ नाही. न्यू जर्सीतील न्यूअर्क आणि केनेडी यांच्यात मुंबईहून मोजलेल्या अंतरात जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरांचा फरक आहे, आकाशात तो मिनिटभराचाही नाही. पण मुलगा न्यू जर्सीतच एडिसनला राहत असेल, तर उतरल्यानंतरचा रस्ता न्यूअर्कहून कितीतरी जवळचा पडतो. आता मुंबईच्या बाजूलाही डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाले आहे आणि गोव्यात दाबोळी व मोपा अशी दोन विमानतळे आहेत, त्यामुळे ‘कोणते विमानतळ?’ हा प्रश्न आधी विचारणारे साधन हे न विचारणाऱ्यापेक्षा निश्चितच सरस म्हणायला हवे.

नुसत्या शहराच्या नावावर चालणाऱ्या साधनांत आणखी एक धोका असतो. हैदराबाद तेलंगणातही आहे आणि सिंधमध्येही. औरंगाबाद हे नाव बिहारमधील जिल्ह्याचेही आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे, तसेच कोस्टा रिकाची राजधानीही आहे. सांकेतिक नाव वापरले की असा घोळ होत नाही.

अंतराचा आकडा साधनागणिक थोडा वेगळा का येतो, हेही मी पाहिले. पृथ्वीला पूर्ण गोल मानून ६,३७१ किलोमीटरांच्या सरासरी त्रिज्येने हिशेब केला, तर एक उत्तर येते. पण पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवांच्या दिशेने सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. हा चपटेपणा हिशेबात धरला की उत्तर थोडे बदलते. मुंबई–न्यूयॉर्कच्या बाबतीत हा फरक दहा किलोमीटरांच्या आसपास राहतो, म्हणजे प्रवाशाच्या दृष्टीने नगण्य. त्यामुळे एका संकेतस्थळावर १२,५३० आणि दुसऱ्यावर १२,५४० दिसले, तर त्यातले एक खोटे आहे असे समजण्याचे कारण नाही. फरक हजारांत असेल तर मात्र आकडा सागरी मैलांत आहे का, हे पाहावे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि काही ठिकाणी साधे मैल, सागरी मैल आणि किलोमीटर एकमेकांशेजारी इतक्या बारीक अक्षरांत छापलेले असतात की वयस्कर माणसाची नजर सहज चुकते.

आता त्या वक्र रेषेकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण या साधनाची खरी शिकवण तिच्यात आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर बोट ठेवले तर न्यूयॉर्क मुंबईच्या सरळ पश्चिमेला, थोडेसे वर, आहे असे वाटते. प्रत्यक्षात मुंबईहून निघणारी सर्वांत जवळची वाट ३३३ अंशांवर, म्हणजे बरीचशी उत्तरेकडे कललेल्या वायव्य दिशेला सुरू होते. शाळेत शिकलेले बृहद्वृत्त हेच. ही रेषा सौराष्ट्रावरून कच्छच्या रणाकडे जाते, सिंध आणि अफगाणिस्तान ओलांडते, तुर्कमेनिस्तान व पश्चिम कझाकस्तान मागे टाकून रशियात शिरते, मॉस्कोला उत्तरेकडून जवळजवळ स्पर्श करून हेलसिंकीजवळून नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमवर येते. पुढे आइसलँड आणि ग्रीनलंडचे दक्षिण टोक, मग कॅनडातील लॅब्राडोर, आणि शेवटी ती ईशान्येकडून न्यूयॉर्कवर उतरते. या वाटेचे सर्वांत उत्तरेकडचे ठिकाण साधारण ६४.७ अंश उत्तर अक्षांशावर, आइसलँडच्या अलीकडच्या समुद्रात येते. मुंबई एकोणीस अंशांवर आणि न्यूयॉर्क साधारण एकेचाळीस अंशांवर असताना त्यांच्यातील जवळची वाट इतकी वर चढते, हे नकाशा समोर उमटल्याशिवाय पटत नाही. माझ्या मते हे चित्र प्रत्येक शाळेतील भूगोलाच्या तासाला दाखवावे इतके बोलके आहे.

पण रेषा वाचताना आलेली देशांची नावे पुन्हा एकदा पाहावीत, म्हणजे वेळेचा आकडा कुठे गडबडतो ते कळते. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि नंतर ही मुदत वेळोवेळी वाढवत नेली. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती बंदच होती. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ नंतर हवाई वाहतूक नियंत्रणाची पूर्वीची व्यवस्था उरली नाही. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना मात्र ती बंदी नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमधली वाट विमान कोणत्या देशाचे आहे यावरूनही बदलते. रशियावरून जाण्यातही जोखीम नाही असे नाही. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरवावे लागले होते. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यातील संघर्षात इराणची हद्दही बंद झाली. सिंध आणि अफगाणिस्तानची वाट मिळाली नाही, की मुंबईहून निघालेल्या विमानाला आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकून मग उत्तरेकडे वळावे लागते, आणि त्या वळशात काही शे किलोमीटर सहज वाढतात. २०२५ मधील बंदीनंतर भारतातून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबावेही लागले. अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळाला यातले काहीही ठाऊक नसते. ते पृथ्वीच्या गोलावर रेघ ओढते; त्या रेघेखालच्या सरहद्दी त्याला दिसत नाहीत.

प्रत्यक्ष वाट बृहद्वृत्तापेक्षा लांब असते, ही गोष्ट तज्ज्ञांच्या जगात गृहीतच धरलेली आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयसीएओ, कार्बन उत्सर्जनाचा हिशेब करताना ५,५०० किलोमीटरांहून लांब उड्डाणांच्या बृहद्वृत्तीय अंतरात सरसकट १२५ किलोमीटर मिळवते. आज मुंबई–न्यूयॉर्कसाठी ही भरही अपुरी पडावी, पण निदान सुधारणा हवी हे तरी त्यात मान्य केलेले आहे. सर्वसामान्यांसाठी असलेल्या संकेतस्थळांवर तेवढाही उल्लेख मला क्वचितच आढळला.

आता वेळ. बहुतेक संकेतस्थळे अंतराला एका ठरावीक वेगाने भागतात आणि चढ-उतारासाठी अर्धा तास जोडतात किंवा तोही जोडत नाहीत. ताशी ८०० किलोमीटर धरले तर १२,५४० किलोमीटरांना १५ तास ४० मिनिटे लागतात. ताशी ९०० धरले तर १३ तास ५६ मिनिटे. अंतर तेच, विमान तेच, आणि केवळ गृहीत धरलेल्या वेगामुळे उत्तरात पावणेदोन तासांचा फरक पडतो. त्यातही कोणता वेग धरला हे ठळकपणे लिहिणारी संकेतस्थळे थोडीच. ‘१३ तास ५६ मिनिटे’ असा मिनिटापर्यंतचा आकडा पाहिला की वाचणाऱ्याला तो मोजून काढलेला वाटतो, आणि अशा अंदाजाला मिनिटांचा साज चढवणे हे मला वाचकावर अन्याय करणारे वाटते. ‘साधारण चौदा ते सोळा तास’ एवढे लिहिले असते तर ते अधिक प्रामाणिक ठरले असते.

याहून मोठा दोष असा, की ही संकेतस्थळे जाण्याचा आणि येण्याचा वेळ एकच सांगतात. मध्य आणि उच्च अक्षांशांवर, विमाने उडतात त्या उंचीच्या आसपास, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. न्यूयॉर्कला जाताना विमानाला प्रवासाच्या मोठ्या भागात हे वारे अंगावर घ्यावे लागतात आणि येताना तेच पाठीशी असतात. थोडा हिशेब मांडून पाहू. समजा वळसा धरून प्रत्यक्ष वाट १३,३०० किलोमीटरांची झाली, विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आहे आणि संपूर्ण वाटेवर वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी ५० किलोमीटर आहे. जाताना जमिनीच्या संदर्भातील वेग ८५० राहतो आणि १५ तास ३९ मिनिटे लागतात. येताना तो ९५० होतो आणि १४ तास लागतात. दोन्हीकडे विमानतळावर चाकांवर जाणारा अर्धा तास मिळवला, की साधारण १६ तास १० मिनिटे आणि साडेचौदा तास असे दोन आकडे मिळतात. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकांत मुंबई–न्यूयॉर्कच्या विनाथांबा उड्डाणांना जाताना सोळा तासांच्या आसपास आणि येताना चौदा-साडेचौदा तास दिलेले असतात, त्याचे कारण हेच. एवढा साधा हिशेब कोणत्याही संकेतस्थळाला करता आला असता.

वाऱ्याचे बळ किती मोठे असते याची दोन उदाहरणे देते. फेब्रुवारी २०२० मध्ये, ‘सियारा’ हे वादळ युरोपवर येत असताना, ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले. या उड्डाणाला एरवी सात तासांच्या आसपास लागतात. दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे आणि ते तर सगळ्या भागाकाराला उलटे टांगणारे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. ही वाट पंधरा हजार किलोमीटरांहून लांब, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा हजारभर किलोमीटरांनी तरी अधिक होती. तरीही पाठीशी वारा मिळाल्याने ते विमान सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले, अटलांटिकच्या वाटेपेक्षा लवकर. लांबची वाट कमी वेळात संपते, हे ज्या साधनाला सांगता येत नाही, त्याने वेळेचा आकडा छापताना निदान खाली एक ओळ तरी द्यायला हवी.

मग वेळेसाठी कुठे पाहावे? माझा स्पष्ट सल्ला असा, की ज्या तारखेला जायचे आहे त्या तारखेचे, त्याच कंपनीचे वेळापत्रक पाहावे. वेळापत्रकात दिलेला कालावधी हा विमान फाटकापासून हलल्यापासून ते दुसऱ्या टोकाच्या फाटकाशी थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर फाटक गाठणे आणि थोडीशी राखीव वेळ हे सगळे आलेले असते. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी रांग लागते. वेळापत्रक बांधणाऱ्याला हे माहीत असते, भागाकार करणाऱ्या यंत्राला नसते. वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि वाऱ्याचा ऋतुमानानुसार पडणारा फरक त्यांत बराचसा धरलेला असतो. गूगल फ्लाइट्सवर दोन्ही दिशांचा कालावधी स्वतंत्रपणे दिसतो, तेवढे पाहिले तरी सामान्य प्रवाशाचे काम भागते.

यापुढची पायरी म्हणजे फ्लाइटरडार२४ सारखे विमानांचा माग दाखवणारे साधन. स्वीडनमध्ये २००६ साली सुरू झालेली ही सेवा विमानांतून प्रसारित होणारे संकेत जगभरातील हौशी मंडळींनी बसवलेल्या ग्राहक यंत्रांतून गोळा करते. उड्डाणाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत ते विमान खरोखर कधी उडाले, कधी उतरले आणि कोणत्या वाटेने गेले हे दिसते. मी हे साधन ग्रेट सर्कल मॅपरच्या जोडीने वापरायला सुचवीन: एकावर सर्वांत जवळची रेषा पाहावी आणि दुसऱ्यावर काल गेलेल्या विमानाची वाट. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की वळसा कुठे पडतो हे आपोआप उमगते, आणि विमान कंपनीने वेळ का वाढवला या प्रश्नाचे उत्तरही मिळते. समुद्रावर आणि दुर्गम भागांत संकेत मिळत नसले तर मधली वाट अंदाजाने जोडलेली असते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

अंतर सांगणाऱ्या साधनाचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग मात्र विनाथांबा उड्डाणासाठी नव्हे, तर एका थांब्याच्या प्रवासासाठी झाला. मॅपरमध्ये मधले ठिकाण घालून तीन नावांची साखळी देता येते. मुंबई–लंडन–न्यूयॉर्क अशी साखळी दिली तर बेरीज सुमारे १२,७६० किलोमीटर येते, म्हणजे सरळ वाटेपेक्षा अवघी सव्वादोनशे किलोमीटर अधिक. दुबईमार्गे गेले तर सुमारे १२,९५० किलोमीटर, चारशे किलोमीटरांची भर. दुबई म्हणजे उलटीकडचा वळसा, असा अनेकांचा समज असतो, तो या आकड्यांपुढे टिकत नाही. हवेत जेमतेम अर्ध्या तासाची भर पडते आणि खरा वेळ जातो तो थांब्यावर. म्हणून गुडघेदुखी असलेल्या आईवडिलांसाठी सलग सोळा तास बसून जाणे बरे की मध्ये उतरून दोन-तीन तास पाय मोकळे करणे बरे, हा निर्णय अंतराच्या धास्तीने घेऊ नये, त्यांच्या प्रकृतीकडे पाहून घ्यावा. एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने मे १९६० मध्ये न्यूयॉर्कला जाऊ लागली ती लंडनमार्गे, आणि मुंबईहून विनाथांबा सेवा सुरू व्हायला १ ऑगस्ट २००७ उजाडावा लागला. तोपर्यंतच्या पिढ्यांनी लंडनला उतरून केलेला प्रवास भूगोलाच्या दृष्टीने जवळपास वाटेवरचाच होता, हे नकाशा पाहिल्यावर लक्षात येते.

एक गोष्ट बहुतेक संकेतस्थळे अगदी वाईट रीतीने मांडतात, ती म्हणजे घड्याळाचा फरक. उड्डाणाचा कालावधी आणि दोन्हीकडच्या घड्याळांतील अंतर एकाच ओळीत दिल्याने गोंधळ वाढतो. आमच्या शेजारच्या काकू मुलीकडे निघाल्या होत्या. तिकिटावर रात्री एकला निघून त्याच तारखेला सकाळी साडेसहाला पोहोचण्याची वेळ होती. “म्हणजे साडेपाच तासांचाच प्रवास ना ग?” असे त्यांनी अगदी निःशंकपणे विचारले. त्यांना मधुमेह आहे, आणि इन्शुलिनची सकाळची मात्रा ‘तिकडे पोहोचल्यावर’ घ्यायची असे त्यांनी मनाशी ठरवले होते. जानेवारीत न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते, त्यामुळे तिकडे साडेसहा वाजतात तेव्हा इकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि प्रवास सोळा तासांचा झालेला असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेत घड्याळे तासभर पुढे केलेली असतात, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो. परतताना उलटा प्रकार: जानेवारीत न्यूयॉर्कहून सकाळी अकराला निघालेले साडेचौदा तासांचे उड्डाण मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उतरते, घड्याळाप्रमाणे पंचवीस तास गेलेले दिसतात. औषधाची मात्रा घड्याळावरून ठरवायची नसते, लोटलेल्या तासांवरून ठरवायची असते, आणि ती डॉक्टरांनी ठरवायची असते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना तिकिटासोबत वेळापत्रकातील दोन्ही दिशांचे तास वेगळे लिहून न्यावेत. काकूंनी तसे केले, आणि डॉक्टरांनी त्यांना जाण्याच्या व येण्याच्या दिवसाचे वेगवेगळे कागद करून दिले.

उरलेले दोष थोडक्यात. काही संकेतस्थळे जिथे थेट विमान जात नाही अशा जोड्यांसाठीही, उदाहरणार्थ कोल्हापूर–शिकागोसाठी, ‘उड्डाणाचा वेळ’ बिनदिक्कत छापतात. काहींवर जाहिराती इतक्या, की मोबाइलवर आकडा शोधावा लागतो. घरापासून घरापर्यंतचा वेळ तर कोणीच धरत नाही. पुण्याहून निघणाऱ्याला मुंबईच्या सहार विमानतळावर पोहोचायलाच तीन-चार तास लागतात, त्यापुढे तपासणीसाठी तीन तास आधी पोहोचणे आणि तिकडे इमिग्रेशनची रांग धरली, तर सोळा तासांचा प्रवास चोवीस तासांच्या पुढे जातो. हा संकेतस्थळांचा दोष म्हणता येणार नाही, पण वयस्कर माणसाला प्रवास किती लांबचा आहे हे सांगताना मी नेहमी हाच आकडा सांगते.

गुण द्यायचे तर अंतरासाठी ग्रेट सर्कल मॅपरला पाचपैकी पाच द्यायला मला काहीच संकोच वाटत नाही. ते विनामूल्य आहे, नोंदणी मागत नाही, आणि शहरांच्या जोडीपुढे तासांचा ठाम आकडा आपणहून मांडत नाही, हा त्याचा संयम मला विशेष भावला. इंग्रजी येत नसलेल्यांना ते वापरताना अडचण येईल, पण विमानतळांची सांकेतिक नावे एकदा कागदावर लिहून दिली की घरातील कोणीही ते चालवू शकते. शहरांची नावे घेऊन अंतर व वेळ दोन्ही सांगणाऱ्या इतर साधनांना अंतरासाठी चार आणि वेळेसाठी पाचपैकी दीड. ती चालवणाऱ्यांनी तीनच सुधारणा केल्या तरी हा दीड तीनवर जाईल: जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा दाखवावा, कोणता वेग गृहीत धरला ते आकड्याच्या शेजारीच लिहावे, आणि मिनिटे काढून टाकून ‘साधारण इतके ते इतके तास’ असे छापावे.